दोन सोडियम, एक ग्लुकोज



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी हयातभर शाळेत विज्ञान शिकवलं. म्हणून विषय निवडताना मी फार लांब गेलो नाही. शाळेच्या पुस्तकातलाच एक धडा घेतला: पेशी, तिची अंगकं आणि तिच्या पटलातून होणारी ये-जा. आपण सगळेच या धड्यातून गेलो आहोत. एक गोल काढायचा, मध्ये केंद्रक, बाजूला तंतुकणिका, बाहेरच्या रेघेला ‘प्रद्रव्यपटल’ असं नाव द्यायचं आणि बाणाचं टोक त्या रेघेला नीट टेकवायचं. सगळं लक्ष आतल्या अंगकांकडे असतं. बाहेरची रेघ नुसती हद्द म्हणून काढली जाते. आज मी त्या रेघेवरच बोलणार आहे. गेल्या पन्नास वर्षांत कोट्यवधी जीव या रेघेतल्या एका दारामुळे वाचले. ते दार कसं चालतं हे अजून घराघरात पोचलेलं नाही, आणि त्याची किंमत लहान मुलं मोजतात.

सुरुवात पटकीपासून, म्हणजे कॉलऱ्यापासून करतो. आपल्या कितीतरी गावांच्या वेशीवर मरीआईचं देऊळ आहे. पटकीची जी दहशत होती तिची ही खूण. पंढरपूरची यात्रा आणि पटकी यांचा संबंध इंग्रजी अमदानीतल्या आरोग्य अहवालांत वारंवार येतो. घरात एक जण आजारी पडला की तिरडी बांधून होईपर्यंत दुसरा अंथरुणाला खिळायचा, अशा आठवणी जुन्या माणसांनी सांगितलेल्या तुमच्यापैकी काहींनी ऐकल्या असतील.

पटकीचा रोगी मरतो कशाने? जंतू रक्तात शिरत नाहीत. आतड्याला जखम करत नाहीत. ताप फारसा येत नाही. रोगी मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. तीव्र पटकीत सुरुवातीच्या काळात ताशी एक लिटरपर्यंत पाणी जुलाबावाटे जाऊ शकतं. डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहते, मनगटाला नाडी लागत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जातो.

गेलेलं पाणी परत भरलं तर माणूस वाचेल, हे फार आधी कळलं होतं. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटा या डॉक्टरने पटकीच्या रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. मरायला टेकलेले रोगी उठून बसले. सलाईनची सुरुवात ती. पण सलाईनला निर्जंतुक पाणी हवं, बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शीर शोधणारा हात हवा. आणि पटकी जिथे येते तिथे नेमकं हेच नसतं.

मग पाणी तोंडाने का देऊ नये? देत होते. रोगी तहानेने व्याकूळ झालेला असायचा. पण नुसतं पाणी दिलं की जुलाब वाढायचे, मीठ घालून दिलं तरी तेच. त्यामुळे वैद्यकात समज पक्का झाला की आतडं निकामी झालं आहे, त्याला विश्रांती द्या, तोंडाने काही देऊ नका. हा समज चुकीचा होता. आतडं निकामी झालेलं नव्हतं. त्याचं एक दार शेवटपर्यंत शाबूत होतं, फक्त ते कशाने उघडतं हे कोणाला माहीत नव्हतं.

ते समजायला आधी पटल समजून घ्यावं लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झुरिकमध्ये चार्ल्स ओव्हर्टन यांनी शेकडो पदार्थ जिवंत पेशींवर वापरून पाहिले. जे पदार्थ तेलात विरघळतात ते पेशीत झटकन शिरतात, जे फक्त पाण्यात विरघळतात ते बाहेरच अडतात, असं त्यांना दिसलं. त्यावरून पेशीचं आवरण तेलकट असलं पाहिजे असा त्यांनी निष्कर्ष काढला. पुढे १९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या रक्तपेशींतली चरबी काढून ती पाण्यावर एका रेणूच्या जाडीने पसरली आणि तिचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पटलात चरबीचे दोन थर असणार. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, हे नंतर उघड झालं. चरबी पूर्ण निघाली नव्हती आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडलं आणि निष्कर्ष बरोबर निघाला. विज्ञानात असंही घडतं, आणि ते सांगायला लाजण्याचं कारण नाही.

या चरबीच्या रेणूला एक डोकं असतं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी चालतं, शेपट्यांना चालत नाही. पेशीच्या बाहेरही पाणी आणि आतही पाणी, म्हणून डोकी दोन्ही बाजूंना तोंड करून उभी राहतात आणि शेपट्या मध्ये एकमेकींकडे वळतात. हे कोणी रचत नाही, रेणू आपोआप तसे लागतात. सगळं पटल सात-आठ नॅनोमीटर जाडीचं. अशी सव्वा लाख पटलं एकावर एक ठेवली तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल.

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड या थरातून सरळ आरपार जातात. जास्त आहे तिकडून कमी आहे तिकडे, कोणाची मदत लागत नाही. पुस्तकात याला विसरण म्हणतात. पण सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांच्यावर विद्युतभार असतो, त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात, त्यांना त्या तेलकट शेपट्यांमध्ये शिरताच येत नाही. ग्लुकोजचंही तेच. ते पाण्यात इतकं मिसळणारं आहे की तेलात पाऊलही टाकू शकत नाही. यांच्यासाठी पटलात दारं असावी लागतात, आणि ती दारं म्हणजे प्रथिनं. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी पटलाचं जे चित्र मांडलं ते थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही टिकून आहे: चरबीचा प्रवाही थर आणि त्यात तरंगणारी, आरपार रुतलेली प्रथिनं.

पाण्याचं थोडं वेगळं आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. मीठ बाहेर, पाणी आत, मधल्या पटलातून मीठ सहज जात नाही पण पाणी जातं, म्हणून पाणी मिठाकडे येतं. हेच परासरण. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात टाकली तर पाणी आत घुसून ती फुटते, खारट पाण्यात टाकली तर आकसते. लिटरला नऊ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात ती जशीच्या तशी राहते, आणि सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं ते त्यामुळेच. या परासरणातली एक गोष्ट मनात ठेवा, पुढे लागणार आहे: पाणी थेट कुठेही ओढून नेता येत नाही. पाण्याला ढकलणारा पंप शरीरात कुठेच नाही. शरीर मीठ हलवतं, साखर हलवतं, आणि पाणी त्यांच्या मागून जातं.

पाणी इतक्या झपाट्याने कसं जातं, हे मात्र बराच काळ कोडं होतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर ॲग्र यांना रक्तपेशींच्या पटलात एक अनोळखी प्रथिन सापडलं. त्याचं काम काय हे समजेना. १९९२ साली त्यांच्या गटाने ते प्रथिन बेडकाच्या अंड्यात तयार करवून घेतलं. बेडूक अंडी घालतो ती गोड्या पाण्यात. त्या अंड्यांच्या पटलातून पाणी जवळजवळ शिरत नाही, म्हणून ती टिकतात. प्रथिन असलेली अंडी पातळ द्रावणात ठेवली तेव्हा ती फुगली आणि पटापट फुटली. शेजारची साधी अंडी तशीच राहिली. पाण्याचं दार सापडलं होतं. या एका दारातून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात आणि मिठाचा एक कणही जात नाही. २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल ॲग्र यांना मिळालं, त्यात रॉडरिक मॅकिनन यांचाही वाटा होता, पोटॅशियमच्या दाराच्या अभ्यासासाठी.

आता सोडियम. आपल्या पेशींच्या बाहेर सोडियम आतल्यापेक्षा सुमारे दहापट जास्त असतं. पोटॅशियमचं उलट, ते आत भरपूर आणि बाहेर थोडं. हा फरक आपोआप राहत नाही, तो अखंड राखावा लागतो. डेन्मार्कमध्ये येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या पायातल्या चेता घेऊन १९५७ साली तो राखणारा पंप दाखवला. एका खेपेत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि त्या खेपेला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. तंतुकणिका जे एटीपी तयार करतात त्यातला मोठा वाटा इथे जातो. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्सा हा पंप खातो. चालणं नाही, बोलणं नाही, विचार नाही, आणि तरी एवढा खर्च कशासाठी? कारण बाहेर साठलेलं सोडियम आत यायला सतत आतुर असतं, आणि शरीर त्या ओढीचा उपयोग करून घेतं.

हा उपयोग पहिल्यांदा ओळखला रॉबर्ट क्रेन यांनी. १९६० च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या एका परिषदेत त्यांनी मांडणी केली की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटं शिरत नाही. ते सोडियमच्या जोडीने शिरतं. दोघांचं दार एकच. सोडियम उताराने आत येतं आणि येताना ग्लुकोजला चढावर ओढून आणतं.

हे दार जवळून पाहण्यासारखं आहे. ते ६६४ अमिनो आम्लांचं एक प्रथिन आहे, आणि त्याची साखळी पटलाच्या आरपार चौदा वेळा गेलेली आहे. लहान आतड्याच्या आत बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांवरच्या पेशींना आणखी सूक्ष्म केसाळ कडा असते, त्या कडेवर ही दारं असतात. दार आधी आतड्याच्या पोकळीकडे उघडं असतं. दोन सोडियम त्यात बसतात. ते बसले की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि ग्लुकोजला बसायची जागा तयार होते. ग्लुकोज बसलं की बाहेरची बाजू मिटते, आतली उघडते. पेशीत सोडियम कमी असल्याने दोन्ही सोडियम निसटतात, ग्लुकोज सुटतं, आणि रिकामं दार पुन्हा बाहेर तोंड करतं. नुसतं सोडियम आलं तर खेप पूर्ण होत नाही, नुसतं ग्लुकोज आलं तरी नाही. आत आलेलं सोडियम पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असलेला पंप बाहेर काढतो, ग्लुकोज वेगळ्या दाराने रक्तात जातं, आणि दोघांच्या मागोमाग पाणी. अंगात पाणी घ्यायची ही रीत. आपण दिवसाला दोनेक लिटर पितो, पण लाळ, जठररस, पित्त वगैरे धरून लहान आतड्यात आठ-नऊ लिटर पाणी उतरतं, आणि शौचावाटे जातं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं परत आत घेतलं जातं.

लॉस एंजेलिसमध्ये अर्नेस्ट राइट यांच्या गटाने १९८७ साली या दाराचं जनुक शोधलं, तेही बेडकाच्याच अंड्यांचा वापर करून. त्यानंतर एका दुर्मीळ आजाराचा उलगडा झाला. काही बाळं जन्मतःच आईच्या दुधावर भयंकर जुलाब करतात आणि वेळीच ओळखलं नाही तर मरतात. त्यांच्यात हे दार सदोष असतं. दुधातली साखर फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज तयार होतं, दोघांनाही हेच दार लागतं, ते मिळत नाही, साखर आतड्यातच राहते आणि पाणी ओढून घेते. त्याच बाळाला फ्रुक्टोज दिलं की जुलाब थांबतात, कारण फ्रुक्टोजचं दार वेगळं. एका प्रथिनाच्या असण्या-नसण्यावर जीव किती टांगलेला असतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

क्रेन प्रागला बोलत होते त्याच्या वर्षभर आधी कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी पटकीचं विष सिद्ध केलं होतं. तोवर शोध घेणारे बहुतेक जण जंतूच्या अंगातलं विष शोधत होते. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला, त्यात जंतू पूर्ण गाळून टाकलेलं द्रावण सोडलं, आणि तो तुकडा पाण्याने फुगला. जंतू नसतानाही परिणाम झाला, म्हणजे जंतू बाहेर सोडतो ते विष वेगळं आहे. १९५९ साली ‘नेचर’ नियतकालिकात तो निबंध आला. जॉशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेल विजेत्याने डे यांचं नाव नोबेलसाठी एकदा नव्हे, अनेकदा सुचवलं. पण आपल्या देशातल्या विज्ञान अकादमींनी त्यांना जिवंतपणी फेलो केलं नाही. १९८५ साली ते गेले. ही आपल्या विज्ञानजगताची उणीव होती, आणि ती स्पष्ट शब्दांत नोंदवलीच पाहिजे.

डे यांचं विष पेशीत काय करतं ते पुढच्या दशकांत उलगडलं, आणि तो प्रवास पेशीच्या अंगकांचा जणू दौराच आहे. विषाचे सहा भाग. पाच एकसारखे, कड्यासारखे, पेशीच्या पटलावरच्या एका विशिष्ट चरबीला धरून बसणारे. सहावा खरा घातक. पटल आत वळतं, त्याची पिशवी बनते आणि विष पेशीत जातं. लयकारिकांत गेलं असतं तर पचलं असतं. पण ते उलट्या वाटेने गॉल्गी संकुलातून आंतर्द्रव्यजालिकेत जातं. प्रथिनं तिथे तयार होऊन बाहेर जायची वाट असते, हे विष त्या वाटेने मागे येतं. जालिकेत बिघडलेली प्रथिनं बाहेर टाकायची सोय असते. विषाचा घातक भाग स्वतःची घडी मोडतो, बिघडलेलं प्रथिन असल्यासारखा त्या वाटेने पेशीद्रव्यात उतरतो. तिथे तो एक रासायनिक कळ कायमची चालू करून ठेवतो. पेशीत संदेश वाहणारा रेणू बेसुमार वाढतो, पटलावरचं क्लोराइडचं दार उघडतं आणि मिटत नाही. क्लोराइड आतड्यात ओसंडतं, त्याच्या मागे सोडियम, त्याच्या मागे पाणी.

आता मुख्य गोष्ट. इतकं होऊनही दोन सोडियम-एक ग्लुकोजच्या दाराला विष हात लावत नाही. ते दार आजाराच्या ऐन भरातही काम करतं. नुसतं पाणी दिलं तर तिथे बसायला सोडियमही नाही आणि ग्लुकोजही नाही. मिठाचं पाणी दिलं तर ग्लुकोज नाही. दोन्ही एकत्र, योग्य प्रमाणात दिली, तर हरवणाऱ्या पाण्याहून जास्त पाणी आत घेता येतं. जुलाब चालू असतात, पण माणूस मरत नाही.

कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच रोग्यांना तोंडाने मीठ-साखरेचं पाणी दिलं होतं, पण कारण माहीत नसल्याने ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी मोजमाप करून दाखवलं की असं पाणी दिलं तर सलाईनची गरज मोठ्या प्रमाणात घटते. तरीही ते काम प्रशिक्षित माणसं असलेल्या रुग्णालयात झालेलं होतं. लोकांच्या हातात हे देता येईल यावर फार थोड्यांचा विश्वास होता.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेजवळच्या बनगावात पटकी भडकली. तिथल्या रुग्णालयात पटकीच्या रोग्यांसाठी दोन खोल्या होत्या. डॉक्टर दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा रोगी जमिनीवर पसरलेले होते. शिरेत सुई घालायची तर उलटी आणि जुलाबाच्या घाणीत गुडघे टेकून बसावं लागत होतं. सलाईन संपत आलं. आणायला वेळ नव्हता, लावायला माणसं नव्हती. महालनबीस यांनी ठरवलं, तोंडाने द्यायचं. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात हे मिश्रण प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, इस्त्रीने चिकटवून बनगावला नेलं. पिंपात पाणी, पिंपाला तोटी. रोग्याची आई, भाऊ, शेजारी, जो असेल तो पेला भरून घेऊन जायचा आणि पाजायचा. छावण्यांत पटकीचे तीस टक्क्यांच्या आसपास रोगी दगावत होते. त्यांच्या देखरेखीखाली असलेल्या हजारो रोग्यांत ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. १९७३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं तेव्हाही शंका घेणारे बरेच होते. महालनबीस २०२२ साली गेले, आणि पुढच्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या स्त्रिया घरोघर गेल्या आणि प्रत्येक आईला शिकवलं: चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून अधिक घरं त्यांनी गाठली. शिकवलं ते बरोबर आलं का, हे नंतर तपासलं जायचं आणि मोबदला त्यावर ठरायचा. आपल्याकडे कोकणात, गोव्यात आजारी माणसाला मीठ घातलेली पेज देतात, तीही याच वाटेवरची आहे. तांदळातला स्टार्च आतड्यात हळूहळू फुटून ग्लुकोज देतो, आणि मोठे रेणू मोजायला कमी असल्याने परासरणाने पाणी ओढत नाही. तांदळाच्या पिठाच्या द्रावणाने पटकीत जुलाब कमी होतात, हे पुढे प्रयोगांतही दिसलं.

प्रमाणाचं महत्त्व २००२ साली पुन्हा सिद्ध झालं. तोंडाने द्यायच्या या मीठ-साखरेच्या पाण्याचं, म्हणजे ओआरएसचं, सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने बदललं. आज एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. मोजून पाहिलं तर सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल, अगदी सारखे. द्रावण आधीपेक्षा पातळ केलं, आणि लहान मुलांत सलाईन लावायची वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी आली. चरबीच्या दोन थरांचा आणि परासरणाचा हिशोब इथे थेट पाळण्यापर्यंत पोचतो.

हाच हिशोब बाजार मोडतो. गोड शीतपेयात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर साखर असते आणि सोडियम जवळजवळ नसतं. जुलाब होणाऱ्या बाळाला ते पाजलं तर जादा साखर आतड्यात राहते आणि अंगातलं पाणी बाहेर ओढते. जुलाब वाढतात. तरीही वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ हा शब्द नावात घालून गोड पेयं औषधाच्या दुकानांत विकली गेली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्राबरहुकूम नसलेल्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. इतका साधा निर्णय व्हायला इतकी वर्षं लागायला नको होती.

जाता जाता एक. सभागृहात मधुमेहाची ‘ग्लिफ्लोझिन’ गटातली गोळी घेणारे काही जण असतील. मूत्रपिंड दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतं आणि जवळपास सगळं परत घेतं. आतड्यातल्या दाराचंच भावंड तिथे असतं. ही गोळी ते दार अडवते आणि साखर लघवीवाटे जाते. क्रेन यांची मांडणी तुमच्या औषधाच्या पाकिटापर्यंत पोचली आहे.

आता माझं मागणं. आपल्याकडे दवाखान्यात गेलं की सलाईन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. डॉक्टरने ओआरएस लिहून दिलं तर ‘एवढंच?’ असा चेहरा होतो. त्या पुडीत काय आहे हे आज तुम्ही ऐकलं. घरात ओआरएसची दोन-तीन पाकिटं ठेवा. पाकीट कितीचं आहे ते वाचा. लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, २०० मिलिलिटरचं असेल तर नेमक्या तेवढ्या पाण्यात विरघळवा. चव लागावी म्हणून वर साखर किंवा मीठ घालू नका, पुरावी म्हणून पाणी वाढवू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाळाला चमच्याने, थोडं थोडं, सारखं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. डॉक्टरांनी जस्ताची गोळी दिली असेल तर जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण द्या. मूल सुस्त झालं, काहीच पिईना, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं, तर वेळ न दवडता रुग्णालयात न्या. तिथे सलाईन लागलं तर ते लावलंच पाहिजे. एरवी डॉक्टरांच्या मागे सलाईनसाठी लागू नका. त्यांनी दिलेली पुडी घ्या आणि ती मोजून करा.